भिंतीवरचे मराठी सुविचार : निवड, छपाई आणि फ्रेम



इथल्या अनेक मराठी घरांत दिवाणखान्यात एखादी ओवी, अभंग किंवा कवितेची ओळ फ्रेम करून लावलेली असते. आम्हीही मागे मंडळाच्या गणेशोत्सवासाठी अशा फ्रेम करून घेतल्या होत्या. त्यात दोन चुका झाल्या. एका फ्रेममधले वाक्य पु. ल. देशपांडे यांच्या नावावर होते. "हे त्यांच्या कुठल्या पुस्तकात आहे?" असे एका आजींनी विचारले आणि आम्ही गप्प! दुसऱ्या फ्रेममध्ये 'कविता' शब्दातली वेलांटी 'व' सोडून 'त'वर जाऊन बसली होती. आम्ही सगळे इंजिनिअर, पण कोणाच्याच लक्षात आले नाही. म्हणून ही माहिती.

१. निवड
पु. ल., व. पु. काळे यांच्या नावाने नेटवर फिरणारी वाक्ये मूळ पुस्तकात सापडली तरच घ्यावीत. खाली लेखकाबरोबर पुस्तकाचेही नाव लिहावे.

२. परवानगी
भारतात लेखकाच्या निधनानंतर साधारण ६० वर्षे हक्क राहतात, ब्रिटनमध्ये ७०. अमेरिकेत जुन्या पुस्तकांसाठी प्रकाशनाचे वर्षही पाहावे लागते. ज्ञानेश्वर, तुकाराम, केशवसुत (निधन १९०५), बालकवी (१९१८) यांच्या बाबतीत अडचण नाही. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या ओळी विक्रीसाठी छापायच्या तर परवानगी हवी.

३. छपाई
मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. छापखान्याला वर्ड फाइल न देता फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्यावी. तिकडे मराठी फॉन्ट नसला की वेलांट्या आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर 'तिरो देवनागरी मराठी' हा मोफत फॉन्ट चांगला आहे. ए३ आकारासाठी ३०० डीपीआयने ३५०८ x ४९६१ पिक्सेल लागतात. आधी एकच प्रत काढावी आणि मराठी नीट वाचणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीकडून तपासून घ्यावी.

४. फ्रेम
भारतातून काचेसकट फ्रेम आणू नये, प्रवासात फुटते. कागद नळीत गुंडाळून आणावा आणि फ्रेम इथे करावी. कागद आम्लविरहित असावा, नाहीतर काही वर्षांत पिवळा पडतो. काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट घालावा. थेट ऊन पडणारी भिंत टाळावी.

५. उंची
साधारणपणे फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवतात. मुलांनी वाचावे असे वाटत असेल तर मुलांच्याच डोळ्यांच्या उंचीवर लावा.

इथे वाढणाऱ्या मुलांना रस्त्यावर, दुकानात, शाळेत कुठेच देवनागरी दिसत नाही. काही घरांत रोज नजरेला पडणारे मराठी तेवढे भिंतीवरचेच. तिथे चुकीची वेलांटी असेल तर मुले तीच बरोबर समजतील. तेव्हा मंडळी, फ्रेम जरूर लावा, पण आधी एकदा एखाद्या आजींना दाखवा!