खडीखालची माणसं

रात्रपाळी सुटली तशी कसाऱ्याची गाडी धरली. उंबरमाळीला उतरलो. माझा आजा याच लाईनीवर गँगमन होता. पहार, घण आणि खडी यात त्याची हयात गेली. जुन्या गँगमनांकडून ऐकलेलं तो सांगायचा, घाटात पूर्वी गाडी उलटी फिरायची. ते ठिकाण शोधायला रानवाटेनं कसारा गाठला आणि घाट चढू लागलो.

लाईन कसाऱ्यापर्यंत आली १८६१ साली. पुढं थळ घाट. इगतपुरीपर्यंत नऊ मैलांवर वाट, ९७२ फूट चढण. तो मार्ग १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. सरळ चढ जमेना म्हणून मधे रिव्हर्सिंग ठेसन केलं. गाडी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, मग गाडी पाठमोरी वर निघायची. विसाव्या शतकात मार्ग बदलला आणि जुना तुकडा रानात पडून राहिला. कडा फोडून केलेली सपाटी, गवतात खडी. रूळ नाहीत.

हा कडा कुणी फोडला? शेजारच्या बोर घाटात १८६१ साली एका वेळी ४२,००० माणसं राबत होती. कॉलऱ्यानं, सुरुंगानं हजारो मेली. मुख्य इंजिनियर बर्कलीचं नाव पुस्तकात आहे. घण मारणाऱ्याचं नाही.

रुळाखाली लाकूड लागायचं. त्यासाठीच १८६४ साली सरकारनं जंगलखातं उभं केलं. १८७८ च्या कायद्यानं रानाला कुंपण पडलं. राबासाठी डहाळी तोडण्यावरही बंधनं आली. ओरड एवढी झाली की १८८५ साली ठाणे-कुलाब्यासाठी कमिशन नेमावं लागलं. रेल्वेनं झाड तोडलं तर ती प्रगती, आपल्या आयांनी मोळी आणली तर ती चोरी!

याच लाईनीवर पुढं मनमाड. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथं जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी रोखठोक सांगितलं: आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं, आणि सवर्ण मास्तरला आपला हात चालत नाही. गिरणीतही तेच होतं. विणखात्यात आपल्याला मज्जाव. म्हणून कामगारांचे दुश्मन दोन: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

दोस्तांनो, त्या सपाटीवर बसून वही काढली. आज्याचं नाव लिहायला गेलो, तर पुरं नाव मलाच ठाऊक नव्हतं. घरी येऊन आईला विचारलं, तेव्हा लिहिलं. तुमच्या वस्तीतही म्हातारे गँगमन असतील. वही घेऊन जा. ते आहेत तोवर विचारा.