नाण्याआधीचा पैसा

पैशाचा जन्म आपण वर्गात असा सांगतो: आधी वस्तुविनिमय होता, चांभाराला धान्य हवे, पण शेतकऱ्याला जोडा नको, अशी अडचण येई, म्हणून सर्वांना चालेल अशी वस्तू पुढे आली. ही मांडणी अ‍ॅडम स्मिथच्या १७७६ सालच्या ग्रंथाने रूढ केली. कार्ल मेंगरने १८९२ मध्ये तिला नेटके रूप दिले: जी वस्तू सर्वांत सहज खपते, तीच कोणाच्याही हुकुमाशिवाय पैसा बनते.

तर्क बिनतोड आहे. पण पुरावा? निव्वळ वस्तुविनिमयावर चालणाऱ्या समाजाचे एकही वर्णन उपलब्ध नाही, असे मानवशास्त्रज्ञ कॅरोलाइन हंफ्री यांनी १९८५ मध्ये लिहिले. आपल्याकडचा सुतारही नांगर दुरुस्त करून तिथल्या तिथे ज्वारी मागत नसे. बलुते सुगीला मिळे. तोवर ती उधारीच.

आता इराकमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्या पाहू. सुमारे ४००० वर्षांपूर्वी, म्हणजे लिडियातील पहिल्या नाण्यांच्या हजाराहून अधिक वर्षे आधी, उरच्या राज्यातले कारकून देणी शेकेलमध्ये मांडत. एक शेकेल म्हणजे सुमारे ८ ग्रॅम चांदी. तिच्या बरोबरीला सुमारे ३०० लिटर जव. हिशेब चांदीत मांडला, तरी फेड पुष्कळदा जवात होई. पैसा म्हणजे मुळात उधारीची नोंद, हे मिचेल इनिस यांचे १९१३ मधील मत या पाट्यांशी अधिक जुळते, असे आम्हांला वाटते.

मात्र मेंगर पुरता हरला असे नाही. मापासाठी चांदीच का निवडली गेली? दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांच्या छावण्यांत सिगारेटी चलन बनल्या, त्या कोणाच्या हुकुमाने नव्हे. अर्थात, त्या कैद्यांना पैसा आधीपासून ठाऊक होता.