घरातल्या मुलांना प्राचीन जगाचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस हटकले, "मागणीपत्रे लिहिण्यात आणि गेटसभा घेण्यात तुमचे आयुष्य गेले, तुम्हांला इजिप्त आणि बाबिलोन कशाला हवे?" प्रश्न रास्त आहे. आमचे शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटले. पुढे जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयांत बसून आणि रद्दीच्या दुकानांतून आणलेल्या पुस्तकांतून. परंतु नेमके म्हणूनच आम्ही हा विषय घेतला. प्राचीन जगाचा इतिहास ही पंडितांची मिरास आहे, आपण त्यात पडू नये, असा समज घरोघर आढळतो. तो आम्हांस चुकीचा वाटतो. ज्याला मराठी वाचता येते आणि मुलाचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेण्याइतका धीर आहे, अशा कोणत्याही आईबापाला आणि आजीआजोबांना हे काम जमते.

घरातून इतिहास सांगण्याची ही चाल नवी नाही. १९२८ साली जवाहरलाल नेहरू अलाहाबादेस आणि त्यांची दहा वर्षांची कन्या मसुरीस होती. त्या उन्हाळ्यात त्यांनी तिला पत्रे लिहून पृथ्वी कशी झाली, माणूस कसा आला, पहिली राज्ये कशी उभी राहिली, हे सांगितले. १९२९ साली ती पत्रे पुस्तकरूपाने निघाली. पुढे १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून त्यांनी जगाचा इतिहास याच पद्धतीने लिहिला. नेहरूंची विद्वत्ता आपल्याजवळ नाही हे उघड आहे. पण ते काही इतिहासाचे अध्यापक नव्हते. मुलीशी बोलणारे बाप होते. तेवढे आपणही आहोत.

आता प्रत्यक्ष कसे सांगावे, ते पाहू. लहान मुलाची पहिली अडचण काळाची असते. त्याच्या लेखी आजीचे लग्न, शिवाजीमहाराज आणि रामायण ही सगळी 'फार पूर्वी'च्या एकाच गाठोड्यात असतात. आम्ही आमच्या नातीसाठी कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे घेतले. एक वीत म्हणजे शंभर वर्षे. दोरीचे एक टोक म्हणजे आजचा दिवस. महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा, म्हणून तो चिमटा साडेतीन वितींवर बसला. इजिप्तची राणी क्लिओपात्रा इसवी सनापूर्वी ३० मध्ये वारली; तिचा चिमटा वीस वितींच्या थोडा पुढे. आणि खुफू राजाचा मोठा पिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. त्यासाठी दोरी खिडकीच्या गजापर्यंत ओढावी लागली. मग मुलीच्याच ध्यानात आले, की क्लिओपात्रा पिरॅमिडपेक्षा आपल्याला जवळची आहे. हे वाक्य आम्ही नुसते सांगितले असते तर ती विसरली असती. तिने वितींनी मोजले म्हणून ते तिचे झाले.

दोरी टांगून झाली की तिच्यावर काय अडकवायचे, हा खरा प्रश्न. बहुतेक पुस्तके राजे अडकवतात. राजांची नावे मुलांना पाठ होतात, आणि त्याबरोबर एक न शिकवलेला धडाही पाठ होतो, की जग हुकूम देणाऱ्यांनी घडवले आणि आपल्या घरातली माणसे त्यात कोठेच नव्हती. म्हणून आम्ही प्रत्येक गोष्टीपाशी तीन प्रश्न विचारायची सवय लावली. हे कोणी केले? त्याला काय मिळाले? आणि आपल्याला हे कसे कळले? पहिले दोन प्रश्न आम्हांस चळवळीने शिकवले. तिसरा मात्र आम्हांस फार उशिरा, आणि चूक पदरात पडल्यावर सुचला.

ती चूक सांगणे भाग आहे. कित्येक वर्षे आम्ही सभांतून ठोकून सांगत होतो, की पिरॅमिड चाबकाखालच्या गुलामांनी बांधले. टाळ्याही पडत. हे आम्ही घरीही सांगितले. मुलीने विचारले, "आजोबा, तुम्हांला कसं कळलं?" उत्तर शोधू गेलो तेव्हा समजले, की आम्ही ते चित्रपटांत पाहिले होते आणि आमच्या भाषणाला ते सोयीचे होते, याहून दुसरा आधार आमच्यापाशी नव्हता. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार लाखभर माणसांची गोष्ट सांगतो खरा, पण तो पिरॅमिडनंतर दोन हजार वर्षांनी झाला. उलट १९९० साली गिझा येथे पिरॅमिड बांधणाऱ्यांची थडगी सापडली. जवळच त्यांची वस्ती, भाकऱ्या भाजण्याच्या भट्ट्या, गुरामेंढरांची ढिगांनी हाडे, आणि मोडून पुन्हा नीट सांधलेली माणसांची हाडे मिळाली. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे मेरेर नावाच्या मुकादमाच्या रोजनिशीचे पपायरस निघाले. चाळीसेक माणसांची टोळी घेऊन तो तूरा येथील खाणीतला चुनखडीचा दगड नावेने गिझाला नेत असे. दहा दिवसांत दोन-तीन खेपा होत. आज बहुतेक अभ्यासक असे मानतात, की तेथे कायमचे कारागीर होते आणि पाळीपाळीने सरकारी कामावर आणलेले लोक होते. बाजारात विकत घेतलेल्या गुलामांचे ते तांडे नव्हते.

आम्ही नातीसमोर आमचे वाक्य परत घेतले. ते सोपे गेले नाही. पण त्याबरोबर हेही सांगितले, की राज्याने वेठीला बोलावलेला माणूस मोकळा मजूर नसतो. पोटभर भाकरी मिळाली म्हणून 'नाही' म्हणण्याचा हक्क मिळत नाही. मुलांना एवढा बारकावा झेपत नाही असे म्हणतात. आमचा अनुभव असा, की आपण स्वतः गडबडलो नाही तर मुलांना तो चांगला झेपतो.

तिसऱ्या प्रश्नाची गोडी लागावी म्हणून हाताला काम द्यावे. गणपतीनंतर उरलेली शाडूची माती आपल्याकडे असतेच. तिची पोळीएवढी पाटी थापावी आणि तिरकस कापलेल्या बोरूने किंवा बांबूच्या काडीने तीवर खुणा दाबाव्यात. इराकमध्ये, जुन्या सुमेर देशात, पाच हजार वर्षांपूर्वी लिहिणे सुरू झाले ते असेच. त्यातही मोठा भाग हिशेबाचा: किती जव आले, कोणाला किती दिले. 'खाणे' या अर्थाची त्यांची खूण माणसाचे डोके आणि त्याच्या तोंडाशी वाडगे अशी होती. निप्पूर गावी शाळकरी मुलांच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांत मास्तरांनी घालून दिलेला कित्ता आहे आणि मुलाने केलेली वेडीवाकडी नक्कल आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या पोराचे वाईट अक्षर पाहून आमच्या नातीला जो धीर आला, तो आमच्या कोणत्याही उपदेशाने आला नसता.

त्याच देशात उरुक येथे तिरप्या काठाची ओबडधोबड वाडगी हजारांनी मिळतात. काही विद्वान म्हणतात, ती मजुरांना शिधा मोजून देण्याची होती. काही म्हणतात, ते पाव भाजण्याचे साचे होते. दोन्ही मते मुलांपुढे ठेवावीत आणि त्यांना वाद घालू द्यावा. इतिहासात अजून न सुटलेले कोडे असते हे कळले, की पाठांतराचा कंटाळा निम्मा कमी होतो.

आता ज्या एका गावाने आमच्या घरात ठाण मांडले, त्याची हकीकत सांगतो. नाईल नदीच्या पश्चिमेस, आजच्या लक्सरसमोर, देर अल्-मदीना नावाची वस्ती होती. भिंतीच्या आत सत्तरेक घरे. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर तेथे राहत. त्यांचा पगार धान्याचा होता. साध्या कारागिराला महिन्याला सुमारे तीनशे लिटर भरेल इतका गहू आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक जव मिळत, मुकादमाला जास्त. हा गहू म्हणजे आपल्याकडे सांगली-साताऱ्याकडे खिरीसाठी वापरतात त्या खपली गव्हाचाच प्रकार. एक मूठ खपली मुलाच्या हातावर ठेवून सांगावे, की या गावचा पगार असा दिसे.

या वस्तीचा एक हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चुनखडीच्या कपच्यावर चाळीस कामगारांची नावे आणि त्यांचे खाडे लिहिले आहेत. दुसऱ्या रामसेस राजाच्या चाळिसाव्या वर्षाचा, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा तो आहे. खाड्यांची कारणे वाचावीत: एकाला विंचू चावला, एकाचे डोळे आले, एक बिअर गाळत होता, एक आईच्या अंत्यविधीत गुंतला होता. कारखान्यांचे असे पट आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहेत. गावाकडून आलेल्या तारेचे निमित्त आणि कपच्यावरचा विंचू यांत फार अंतर नाही, हे मुलांनाही पटते आणि ती खदखदून हसतात. हसता हसता तो गाव त्यांच्या ओळखीचा होतो.

आणि ओळख झाल्यावरच पुढची गोष्ट सांगावी. त्याच गावात, आणखी ऐंशीएक वर्षांनी, तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, धान्य वेळेवर आले नाही. कामगारांनी हत्यारे खाली ठेवली, चौकीच्या भिंती ओलांडल्या आणि एका देवळामागे जाऊन बसले. अठरा दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत. कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. हे राजाला कळवा, असे त्यांचे म्हणणे होते. हे सारे ज्या पपायरसवर लिहिलेले आहे तो इटलीतील तुरीन येथे आहे, आणि वस्तीचा लेखनिक अमननख्त याच्या हातचा तो समजला जातो. ज्याची तपशीलवार नोंद उरली आहे असा जगातला हा सर्वांत जुना संप.

नातीने विचारले, "आजोबा, मग त्यांना गहू मिळाला का?" आम्ही सांगितले, की मागच्या महिन्याचा मिळाला, पुढच्या महिन्यात पुन्हा अडला आणि ते पुन्हा बसले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आणि तुमच्या बाबांना?"

श्रोतेहो, १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आमचे वडील त्यांतले एक. आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे. पत्र्याच्या डब्याच्या तळाशी आईची वाटी खरवडल्याचा आवाज आम्हांस अजून आठवतो. काम नसल्याने वडील संध्याकाळी रद्दीतून आणलेले जगाच्या इतिहासाचे फाटके पुस्तक आम्हांस मोठ्याने वाचून दाखवीत. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही, आणि आमच्या वडिलांसारखे असंख्य कामगार पुन्हा कामावर गेले नाहीत. सभेत आम्ही या संपाच्या तेजाबद्दल बोलतो. सात वर्षांच्या मुलीपुढे ते बोलणे जमेना. आम्ही म्हणालो, "नाही बाळ, त्यांना नाही मिळाला." पिरॅमिडच्या बाबतीत आमचे वाक्य तिने एकदा परत घ्यायला लावले होते, तेव्हा येथे सोयीचे उत्तर देण्याची आमची छाती झाली नाही.

हाच नियम स्वदेशाभिमानाच्या बाबतीतही पाळावा. अक्कडचा राजा सारगॉन आपल्या शिलालेखात सांगतो, की मेलुह्हाची जहाजे त्याच्या धक्क्याला लागत. मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक विद्वान मानतात. हे सांगताना ऊर भरून येतो, आणि यावा. पण सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही, हेही त्याच दमात सांगावे. आपल्या प्रवराकाठी दायमाबाद येथे १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला काशाचा बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. ते नेमके कोणत्या काळचे यावर विद्वानांत मतभेद आहेत. मुलांना तो मतभेदही सांगावा, आणि ती चार चित्रे पंडिताच्या नव्हे तर कष्टकऱ्याच्या कुदळीला लागली, हेही सांगावे.

एवढ्या कामाला फार पैसा लागत नाही. दोरी, चिमटे, मूठभर खपली, शाडूची माती, वाचनालयाची वर्गणी आणि आठवड्यातली एक संध्याकाळ पुरते. मुलाने विचारले आणि आपल्याला ठाऊक नसले, तर तसे सांगावे आणि दोघांनी मिळून वाचनालयात जावे. आमच्या दोरीवर अजून पुष्कळ जागा मोकळी आहे. परवाच नातीने एक चिमटा १९८२ वर लावला आहे. आजच्या टोकापासून तो अर्ध्या वितीवरसुद्धा नाही.