उत्तर कोकणातील गुलाबाची निगा

गुलाब (प्रजाती: रोझा, कुळ: रोझेसी) हे बहुवर्षायू काटेरी झुडूप असून त्याला भरपूर ऊन, कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन मानवते. पुणे, नाशिक यांसारख्या पठारी भागात या तिन्ही गोष्टी सहज मिळतात. पालघर जिल्ह्यातील वाणगाव, बोईसर व तारापूर या किनारपट्टीलगतच्या पट्ट्यात मात्र चार महिने मुसळधार पाऊस पडतो व हवा बहुतेक काळ दमट असते. त्यामुळे येथे गुलाबाची निगा म्हणजे प्रामुख्याने पाण्याचा निचरा आणि पानांचा कोरडेपणा सांभाळणे होय. पहिल्याच पावसाळ्यात दगावणारी बहुतेक रोपे खताच्या अभावाने नव्हे, तर मुळाशी साचलेल्या पाण्याने मरतात.

जागा व लागवड

झाडाला दिवसाला किमान सहा तास ऊन मिळावे. सकाळचे ऊन अधिक उपयुक्त, कारण त्याने पानांवरील दव लवकर वाळते. या भागात लागवड पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करणे सुरक्षित असते. सखल जागी गादीवाफा करून लावावे. कुंडीच्या तळाशी छिद्रे असावीत व कुंडी विटांवर उचलून ठेवावी.

बाजारातील बहुतेक गुलाब जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेले असतात. डोळ्याचा जोड जमिनीपासून सुमारे ५ सेंमी वर ठेवावा. पिशवीतील मातीचा गोळा चिकट व घट्ट असल्यास मुळे न दुखवता बाहेरची माती सैल करावी. अन्यथा मुळे गोळ्याबाहेर पसरत नाहीत आणि आतील पाणी निचरत नाही. खाडीलगतच्या विहिरींचे मचूळ पाणी टाळावे. क्षारांमुळे पानांच्या कडा करपतात.

छाटणी

महाराष्ट्रात गुलाबाची छाटणी साधारणपणे जून व ऑक्टोबर अशी दोनदा केली जाते. अतिपावसाच्या भागात ऑक्टोबरची छाटणी मुख्य मानावी, कारण पावसात ओले राहिलेले काप बुरशीला वाट देतात. वाळक्या, रोगट व एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढून टाकाव्यात. उरलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूस असलेल्या डोळ्याच्या सुमारे अर्धा सेंमी वर तिरक्या कापाव्यात व कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. छाटणीनंतर साधारण सहा ते सात आठवड्यांत फुले येतात.

सामान्य समस्या

काळे ठिपके: डिप्लोकार्पॉन रोझी या बुरशीमुळे पानांवर झालरीसारख्या कडांचे काळे डाग पडतात, पाने पिवळी होऊन गळतात. बीजाणू रुजण्यासाठी पान सलग काही तास ओले राहावे लागते. म्हणून हा रोग पावसाळ्यात बळावतो. गळलेली पाने गोळा करून नष्ट करावीत. पाणी सकाळी व केवळ आळ्यात द्यावे.

भुरी: कोवळ्या पानांवर व कळ्यांवर पांढरी भुकटी दिसते. काळ्या ठिपक्यांच्या उलट, हिला पानावर पाणी साचण्याची गरज नसते. उबदार दिवस व थंड, दमट रात्री असलेल्या हिवाळ्यात ती पसरते. पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी उपयोगी पडते. मात्र कडक उन्हात केल्यास पाने भाजतात.

डायबॅक: फांदी कापापासून किंवा शेंड्यापासून खाली काळी पडत वाळते. निरोगी हिरवा भाग लागेपर्यंत ती कापावी. प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करावी.

किडी: मावा कोवळे शेंडे शोषतो. फुलकिड्यांमुळे पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात व कळ्या नीट उमलत नाहीत. उन्हाळ्यात पानांच्या मागे बारीक जाळे दिसल्यास लाल कोळी समजावा. सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्क वापरता येतो. खवले कीड फांदीवरून हलकेच खरवडून काढावी.

पाने पिवळी पडणे: जुनी पाने सारखी पिवळी झाल्यास नत्राची कमतरता संभवते. नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता असते. ती अनेकदा पाणथळ किंवा विम्ल जमिनीत उद्भवते. माती ओली असूनही झाड मलूल दिसत असेल, तर अधिक पाणी घालू नये. प्रथम निचरा तपासावा.

फुले न येणे: अपुरे ऊन व नत्राचा अतिरेक ही नेहमीची कारणे आहेत. तिसरे कारण म्हणजे जोडाखालून फुटणारा जंगली फुटवा. तो जोमाने वाढून मूळ कलमास मागे टाकतो. सात पर्णिकांचे पान म्हणजे जंगली फांदी, हा प्रचलित समज पूर्णतः विश्वासार्ह नाही, कारण काही संकरित जातींनाही तशी पाने येतात. फांदी जोडाच्या वरून निघते की खालून, हे पाहणे हीच खरी कसोटी होय. असा फुटवा मुळापासून ओढून काढावा.

वार्षिक क्रम

जून ते सप्टेंबरमध्ये निचरा व स्वच्छता सांभाळावी. या काळात निष्पर्ण झालेले झाड मृत समजून उपटू नये. खोडाची साल नखाने खरवडल्यास आत हिरवा थर दिसला, तर झाड जिवंत असते. ऑक्टोबरमध्ये छाटणी करून कुजलेले शेणखत द्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बहराचा काळ असून त्यात भुरीवर लक्ष ठेवावे. मार्च ते मे या काळात आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे व माती कोरडी होऊ लागताच पाणी द्यावे.