गॉर्डन हॉल याचीं तेरा वर्षें

ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर तुर्भें नांवाचें एकेक स्थळ आहे. मुंबईकडील तुर्भें इंग्रजी नकाशांत ट्रॉम्बे झालें. समोरचें तुर्भें आज नवी मुंबईंत मोडतें, व तेथें कारखाने आणि बाजारपेठा यांची दाटी आहे. दोन शतकांपूर्वीं ही सारी किनारपट्टी भातशेती, मिठागरें आणि मासेमारी यांवर जगत होती. याच खाडीच्या वरच्या अंगास, ठाण्यास, जॉन निकोल्स नांवाचा तरुण अमेरिकन पाद्री १८१८ च्या सुमारास बिऱ्हाड करून राहिला आणि १८२४ सालीं वारला. त्याचा सोबती ॲलन ग्रेव्ह्ज माहीमास राहिला. हे दोघे ज्याच्या पावलावर पाऊल टाकून इकडे आले तो गॉर्डन हॉल हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मिशनरी म्हटला कीं आपल्यापुढें बहुधा दोनच चित्रें उभीं राहतात. त्याचे स्वधर्मीय त्याला संत मानतात. आपल्यांपैकीं पुष्कळांना तो आपल्या धर्मावर चालून आलेला परका वाटतो. हॉलचें उद्दिष्ट काय होतें याविषयीं संशयाला जागा नाहीं. परंतु उद्दिष्टावरून माणूस ओळखावा कीं त्याच्या रोजच्या कामावरून, हा प्रश्न त्याचें चरित्र वाचतांना वारंवार मनांत येतो.

हॉलचा जन्म १७८४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत टॉलंड या गांवीं झाला. विल्यम्स कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें. स्वदेशीं एका चांगल्या चर्चचें निमंत्रण त्याला आलें होतें. पत्करलें असतें तर आयुष्य सुखांत गेलें असतें. तें नाकारून तो १८१२ च्या फेब्रुवारींत जहाजावर चढला. कलकत्त्यास पोंचतांच कंपनी सरकारनें या मंडळींस देश सोडून जाण्याचा हुकूम दिला. हॉल व त्याचा मित्र सॅम्युएल नॉट हे मुंबईस निघाले, आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं तेथें उतरले. हॉलचें वय तेव्हां अठ्ठावीस वर्षांचें होतें.

पहिलें वर्ष भाषा शिकण्यांत आणि अर्ज लिहिण्यांत गेलें. कंपनीच्या मतें मिशनरी म्हणजे रयतेंत असंतोष माजविण्याचें साधन. त्यांत इंग्लंड व अमेरिका यांच्यामध्यें युद्ध पेटलेलें. गव्हर्नर सर एव्हन नेपियन हे मनानें अनुकूल होते, पण कलकत्त्याचा हुकूम त्यांना मोडतां येईना. त्या वर्षाच्या अखेरीस दोघे मित्र गुपचूप कोचीनला निघून गेले. तेथून त्यांना परत आणण्यांत आलें. इंग्लंडला रवानगी व्हावयाची ती अगदीं शेवटच्या क्षणीं टळली. इकडे १८१३ च्या सनदेनें मिशनऱ्यांस हिंदुस्थानचें दार उघडलें होतें, आणि पुढच्या सालीं या दोघांस राहण्याची परवानगी मिळाली. आपल्या सत्तेच्या बळावर मिशनरी येथें आले असें आपण सरसकट म्हणतों. या माणसाच्या बाबतींत तरी प्रारंभीं सत्ताच आडवी आली होती, हें विसरतां कामा नये.

पुढें त्याचा दिवस एका ठराविक क्रमानें जाऊं लागला. मराठी पंडिताजवळ बसून भाषेचा अभ्यास, मग नव्या कराराचें भाषांतर, त्यानंतर शाळांची देखरेख, आणि उरलेल्या वेळीं देवळांच्या आवारांत, तळ्यांच्या कांठीं व बाजारांत लोकांशीं बोलणें. भाषेचें काम सोपें नव्हतें. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला. हॉलच्या हाताशीं होतें तें कॅरीचें व्याकरण आणि मोडी अक्षरांत छापलेला त्याचाच १८१० चा कोश. शब्द ऐकावा, टिपून घ्यावा, दुसऱ्या दिवशीं चारचौघांत वापरून पाहावा आणि चुकला तर पुन्हां शिकावा, एवढाच मार्ग होता. श्रोते ऐकत, वाद घालीत, आणि आपल्या घरीं जात. स्वदेशीं लिहिलेल्या पत्राचें उत्तर हातीं पडावयास वर्षही लागे.

एकटेपणा मात्र रोजचा होता. नॉट प्रकृति बिघडल्यामुळें १८१५ सालीं परत गेला. सॅम्युएल न्यूएल हा सहकारी सिलोनवरून येऊन मिळाला तो पत्नी गमावूनच. हॅरिएट न्यूएल मॉरिशस बेटांत एकोणिसाव्या वर्षीं वारली होती. न्यूएल स्वतः १८२१ सालीं मुंबईंत पटकीनें गेला. हॉलनें मुंबईंतच एका इंग्रज बाईशीं, मार्गारेट लुईस हिच्याशीं, विवाह केला. मुलांच्या प्रकृतीस्तव १८२५ सालीं तिनें त्यांना घेऊन अमेरिकेचा रस्ता धरला. हॉल कामासाठीं मागें राहिला. वडील मुलगा वाटेंतच समुद्रावर वारला.

या काळांतलें चिरस्थायी काम दोन प्रकारचें झालें. होरेशियो बार्डवेल हा छापण्याची विद्या जाणणारा गृहस्थ १८१६ सालीं येऊन मिळाला. कलकत्त्याहून यंत्र व देवनागरी खिळे आले, आणि १८१७ सालीं मराठी छपाईस आरंभ झाला. संपूर्ण नवा करार १८२६ सालीं छापून निघाला. दुसरें काम शाळांचें. त्यांतील कित्येक पंतोजी बेने इस्राएल समाजाचे होते. १८२४ सालीं या मिशननें मुंबईंत मुलींची शाळा घातली. मुलींना अक्षर शिकविणें हेंच त्या वेळीं नवल होतें.

१८२६ च्या मार्च महिन्यांत हॉल दोन ख्रिस्ती मुलांस बरोबर घेऊन घाटावर निघाला व नाशिकास पोंचला. तेथें पटकीची सांथ होती. जवळचीं औषधें त्यानें रोग्यांना वांटून जवळजवळ संपविलीं. परत येतांना एका खेड्यांतल्या देवळाच्या ओसरीवर मुक्काम पडला. तेथें त्याला स्वतःलाच पटकीनें गांठलें. २० मार्चला, कांहीं तासांच्या आजारानंतर, त्यानें प्राण सोडला. शवपेटी नव्हती, घोंगडींत गुंडाळून मुलांनीं त्याला पुरलें. त्याचें वय तेव्हां बेचाळीस वर्षांस कांहीं दिवस कमी होतें.

त्याच्या हयातींत धर्मांतरें म्हणण्यासारखीं झालींच नाहींत. ज्यासाठीं त्यानें घर सोडलें त्या हिशेबानें त्याचीं तेरा वर्षें फुकट गेलीं असें म्हणावें लागेल. आमच्या देवधर्माविषयीं त्याचें मत कठोर होतें, आणि तें बदललें नाहीं. तें आम्हांस मान्य होण्याचेंही कारण नाहीं. परंतु हें सांगून हिशेब पुरा होत नाहीं. अमेरिकन मिशनची छपाई पाहून गणपत कृष्णाजी यांनीं स्वतःचा छापखाना काढला, आणि १८३१ सालीं छापील पंचांग काढलें. पुढें त्याच मिशनच्या छापखान्यांत जावजी दादाजी लहानपणीं काम शिकले. त्यांच्या निर्णयसागरांतून संस्कृत ग्रंथ देशभर गेले. धर्म पालटण्यासाठीं आणलेल्या विद्येनें आमच्या तिथि, एकादश्या आणि शास्त्रें घरोघरीं पोंचविलीं. हॉलच्या मनांत यांतलें कांहीं नव्हतें. हें श्रेय त्याच्या पदरीं आयतें घालावें असें आम्हांस वाटत नाहीं. विद्या उचलून आपलीशी करणारे हात आमचेच होते.

पण नाशकांत औषधें वांटलीं तेव्हां घेणाऱ्याचा धर्म त्यानें पाहिला नाहीं, आणि स्वतःसाठीं पुरेसें राखून ठेवलें नाहीं. त्याच्या उपदेशाशीं आपलें जमलें नाहीं, त्याच्या दिवसाच्या कामाशीं मात्र जमलें. आणि ज्या देवळाच्या ओसरीवर तो निजला होता तें देऊळही त्याच्या श्रद्धेचें नव्हतें. त्याच्याविषयीं बोलतांना या दोन्ही गोष्टी एकत्र आठवाव्या, एवढीच विनंति.