धडकी : एका दुखण्याची नावे

रेवदंड्याच्या किल्ल्यात सातखणी मनोऱ्याखाली मी उभा होतो, हातात टिपणांची वही होती. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या या ठाण्याला १५७०-७१ साली घातलेला वेढा, हा माझा त्या वेळचा विषय. ऊन उतरले होते. मी कुठला चढ चढलो नव्हतो की कोणाशी वाद घातला नव्हता. आणि एकाएकी छाती धडधडू लागली. श्वास पुरेना. बोटांना, ओठांभोवती मुंग्या आल्या, तळहात घामाने ओले झाले, समोरची भिंत दिसत होती पण खरी वाटेना. आपण आता मरणार, एवढेच कळत होते.

शेजारच्या वाडीतल्या माणसाने रिक्षात घालून अलिबागला नेले. सतरा-अठरा किलोमीटरच्या त्या वाटेतच छाती निवळली. हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. घरी आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि म्हणाली, "तिन्हीसांजेला पडक्या किल्ल्यात जायचं नडलं तुला."

पुढचे आठ महिने मी रेवदंड्याला गेलो नाही. वेढ्याचा लेख तसाच राहिला. दुखणे दहा-बारा मिनिटांचे. पण ते पुन्हा येईल या धास्तीने महिने खाल्ले. घरी बसून मग मी दुसराच इतिहास वाचू लागलो, या दुखण्याचा.

चरकसंहितेत वातज हृद्रोगाचे वर्णन आहे. शोक, उपवास, अतिश्रम ही त्याची कारणे. कंप, हृदय आवळल्यासारखे होणे, भ्रम, पोकळपणा ही लक्षणे. ते आणि माझे दुखणे एकच, असे मी म्हणणार नाही. जुन्या ग्रंथात आजचा रोग शोधून काढणे हा आपल्याकडचा सोपा खेळ आहे. पण मनाचा शोक हृदयात उतरतो, एवढे त्यांनी पाहिले होते. आपल्या भाषेनेही ते पाहिले. धसका बसतो, धडकी भरते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, तोंडचे पाणी पळते. भीतीला मराठीत शरीराचेच शब्द आहेत. 'धसका' आणि 'धडकी' मोल्सवर्थच्या कोशात १८५७ च्या आवृत्तीत आहेत.

त्यानंतर १४ वर्षांनी, १८७१ मध्ये, फिलाडेल्फियाच्या जेकब मेंडेस दा कोस्टा या डॉक्टरने अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांवर निबंध छापला. धडधड, छातीत कळ, धाप, चक्कर. पण हृदयाच्या रचनेत बिघाड सापडेना, अशी सुमारे ३०० माणसे त्याने पाहिली होती. त्याने नाव दिले 'चिडखोर हृदय'. हा दा कोस्टा मूळच्या पोर्तुगीज ज्यू घराण्यातला, आणि आडनावाचा अर्थ 'किनाऱ्याचा'. रेवदंड्याच्या माणसाला हे वाचून बरे वाटते, एवढाच त्याचा उपयोग.

१८९५ मध्ये फ्रॉइडने 'चिंताविकृती' वेगळी काढली. मनात भीतीचा विचार नसतानाही धडधड, धाप, घाम, कंप हीच लक्षणे पुढे येऊ शकतात, हे त्याने नोंदले. पहिल्या महायुद्धात थॉमस लुईस याने त्याच तक्रारींना 'श्रमाचा विकार' म्हटले आणि सैनिकांना बिछान्यात ठेवण्याऐवजी बेताबेताने कवायत करायला लावली. 'पॅनिक डिसऑर्डर' हे स्वतंत्र निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात आले ते १९८० साली. प्रत्येक नावाबरोबर उपाय बदलला: चिडखोर हृदयाला विश्रांती आणि डिजिटॅलिस, श्रमाच्या विकाराला कवायत, बाधेला मोहऱ्या.

मला उपयोगी पडले ते ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्कचे १९८६ मधले म्हणणे. छाती धडधडते, माणूस त्याचा अर्थ 'झटका आला' असा लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. रहाटगाडगेच. शरीर आपल्या परीने पळण्याची तयारी करत असते; अॅड्रेनलिन सुटते, श्वास भराभर होतो. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, त्यामुळे मुंग्या येतात, डोके हलके होते, बोटेसुद्धा वळतात. श्वास कमी पडतोय असे वाटते तेव्हा तो खरे तर जास्त होत असतो. हे वाचले त्या दिवशी मी मोठ्याने हसलो होतो.

अर्थात हे सगळे आलेख निर्दोष निघाल्यावरचे. पहिल्यांदा छातीत दुखले तर घरबसल्या निदान करू नये. हृदय, थायरॉइड, रक्तातले लोह डॉक्टरांनीच बघावे. माझ्या डॉक्टरांनी तेही बघितले, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी शिकवले ते फार थोडे: उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवायचा, पायाखालची जमीन चाचपायची, आणि मुख्य म्हणजे पळायचे नाही. पळालो की मनाला वाटते, पळालो म्हणून वाचलो. माझ्या आठ महिन्यांचे कारण तेच होते.

वेढ्याच्या वृत्तांतांत तोफा मोजलेल्या असतात, मेलेले मोजलेले असतात. तटावर रात्री कोणाचा श्वास अडकला, ते कोणी मोजत नाही. आता ती कागदपत्रे वाचताना मला तो माणूस दिसतो. त्याला काय झाले असे त्याला वाटले असेल, हे मात्र कुठल्याच कागदात मिळणार नाही.

मी पुन्हा मनोऱ्याखाली गेलो तो नवव्या महिन्यात. ती आलीच, पाच मिनिटांत. मी ढासळलेल्या भिंतीच्या दगडावर बसलो, दोन्ही तळवे दगडावर टेकवले, उच्छ्वास मोजत राहिलो. मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. वाडीतून कोणीतरी नारळ पाडत होते, त्याचा धप्प आवाज येत होता. घड्याळात बारा मिनिटे झाली तेव्हा वही उघडली आणि तटाची लांबी पावलांनी मोजायला उठलो.

घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. आईने मोहऱ्या काढून ठेवल्याच होत्या. मी ओवाळून घेतले.