परसातल्या दहा कोंबड्यांचे व्याप

दिवेलागणीच्या सुमारास खेड्यातल्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘कोंबड्या डालल्या का?’ दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात आणि शेजाऱ्यांच्या अंगणात फिरलेल्या कोंबड्यांना संध्याकाळी डालग्याखाली झाकणे किंवा खुराड्यात कोंडणे म्हणजे डालणे. कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. परंतु पाहुणे आले, लग्नाला जावे लागले, पाऊस लागला म्हणून एखादे दिवशी ते राहिले, तर सकाळी अंगणात केवळ पिसे सापडण्याची शक्यता असते. परसातील कोंबडीपालनाला ‘बिनखर्चाचा जोडधंदा’ म्हणण्याची पद्धत आहे. त्यात पैशाचा खर्च कमी असतो हे खरे. मात्र रोज, ठरलेल्या वेळी आणि एकही सुट्टी न घेता करावे लागणारे हे काम कोणाच्याच हिशेबात धरले जात नाही. बहुतेक घरांत ते बाईच्या वाट्याला येते.

या कोंबड्यांची संख्या क्षुल्लक नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी घरांच्या परसात होते आणि २०१२ च्या गणनेच्या तुलनेत ही संख्या ४५ टक्क्यांहून अधिक वाढली होती. शेडमधील ब्रॉयलर व लेअर कोंबड्यांसाठी खाद्य, लस, पशुवैद्य, विमा आणि बाजार यांची मोठी साखळी उभी आहे. परसातल्या दहा कोंबड्यांच्या मागे अशी साखळी नाही. घरात वापरायला अंडी मिळतात, अडीअडचणीला एखादा कोंबडा विकता येतो, आणि तो पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहतो. मुलांच्या वह्या, औषधपाणी, भिशीचा हप्ता त्यातून भागतो. म्हणूनच एका रात्रीत सहा कोंबड्या गेल्या, तर ते नुकसान कोणत्याही सरकारी आकड्यात दिसत नसले तरी त्या घरात महिनाभर जाणवते.

सर्वांत मोठी गळती पिल्लांची होते. कोंबडीने बारा अंड्यांवर बसून २१ दिवसांनी दहा पिल्ले काढली, तरी दोन महिन्यांनंतर त्यांतली निम्मी उरली तरी पुष्कळ, असे अनुभवी बायका सांगतात. घार, कावळा आणि मुंगूस दिवसा, तर उंदीर व रानमांजर रात्री आपला वाटा उचलतात. मुंगूस विशेष त्रासदायक. खुराड्यात शिरले की ते एका कोंबडीवर थांबेलच असे नाही. साप बहुधा अंड्यांच्या वासावर येतो आणि अंगठा शिरेल एवढ्या फटीतूनही आत जातो. यांपैकी कोणालाही मारणे हा उपाय नव्हे, आणि मुंगूस तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. उपाय खुराड्यातच करावा लागतो. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे, जाळी अर्ध्या इंचाची असावी, दाराला नुसती दोरी न बांधता कडी असावी आणि आत कोंबड्यांना बसायला आडवी दांडी असावी. बाजारात सहज मिळणारी मोठ्या भोकांची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही. स्वस्त म्हणून ती घेणारे पहिल्याच पावसाळ्यात दुसरी जाळी आणतात.

पिल्ले कोंबडीशिवाय वाढवायची असतील तर उबेचा प्रश्न येतो. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायचे असते. तापमापकापेक्षा पिल्लांचे वागणे अधिक खरे सांगते. ती दिव्याखाली दाटी करून चिवचिवत असली तर थंडी आहे, कडेला पळून चोच उघडून बसली तर उष्णता जास्त आहे. रात्री वीज गेली की पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. कंदील किंवा निखाऱ्यांची शेगडी हाताशी ठेवणे हा जुना उपाय आजही टाकाऊ झालेला नाही, फक्त धूर कोंडू देता कामा नये.

येथेच जातीचा पेच उभा राहतो. गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम ४० ते ६० अंडी देते. पंधरा-एक अंडी झाली की ती खुडूक होते, अंगावरची पिसे फुलवून घरट्यात ठाण मांडते आणि जवळ जाणाऱ्याला टोचते. अंडी हवी असणाऱ्याला हा दोष वाटतो. म्हणून हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’, तर बेंगळुरूच्या संशोधकांनी ‘गिरिराजा’ अशा सुधारित जाती परसासाठी तयार केल्या. त्या गावठीच्या दुपटीने किंवा त्याहूनही अधिक अंडी देतात आणि वजनालाही भरतात. परंतु खुडूक होण्याची वृत्ती त्यांच्यात जवळजवळ उरलेली नाही. पुढची पिढी हवी असेल तर पिल्ले पुन्हा विकत आणावी लागतात, किंवा त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. शिवाय अंगाने जड असल्यामुळे त्यांना घारीपासून चटकन पळता येत नाही. ज्या घरांनी सुधारित कोंबड्या आणताना दोन गावठी कोंबड्याही राखल्या, त्यांचा निर्णय शहाणपणाचा ठरला आहे. योजनेत पिल्ले वाटताना मात्र हा मुद्दा फारसा सांगितला जात नाही.

या सर्वांवर कडी करणारे संकट म्हणजे राणीखेत, मराठीत मानमोडी. १९२७ मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे नोंद झाल्यामुळे या रोगाला भारतात ते नाव पडले. जगभर तो इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या नावाने ओळखला जातो. मराठी नाव अधिक चपखल आहे, कारण यात कोंबडीची मान पिळल्यासारखी वाकडी होते. पांढरट-हिरवी हगवण लागते, श्वास घेताना घरघर होते, पंख व पाय लुळे पडतात. गावात हा रोग आला की दोन-चार दिवसांत वाडीच्या वाडी मोकळी होते. त्यावर औषध नाही. घाबरलेले लोक उरलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात नेऊन मिळेल त्या भावाने विकतात, आणि रोग त्यांच्याबरोबर पुढच्या गावाला पोहोचतो. या व्यवहारात कोणाला दोष द्यावा? दोनशे रुपयांची कोंबडी उद्या मरणार हे दिसत असताना ती आज विकू नये, असे सांगणे सोपे आहे.

लस मात्र आहे, आणि ती जुनी, स्वस्त व परिणामकारक आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी लस टोचतात. अडचण लसीच्या गुणाची नसून बाटलीच्या मापाची आहे. शंभर, दोनशे, पाचशे मात्रांच्या बाटल्या शेडमधल्या कोंबड्यांसाठी बनलेल्या असतात. बाटली फोडून लस द्रावणात मिसळली की बर्फावर ठेवूनही ती दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराने शंभर मात्रांची बाटली घ्यावी, तालुक्याहून थर्मासमध्ये बर्फात आणावी आणि नव्वद मात्रा ओतून द्याव्यात, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही. ती घरे लस टोचत नाहीत याचे कारण अज्ञान असे सरसकट सांगितले जाते. बऱ्याचदा त्याचे कारण हे अंकगणित असते.

त्यावरचा उपाय एका घराच्या आवाक्यातला नसला तरी वाडीच्या आवाक्यातला आहे. दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवायचा, आदल्या संध्याकाळी कोंबड्या डालून ठेवायच्या, सकाळी त्या सोडण्यापूर्वी एकाने लस घेऊन घरोघरी फिरायचे. दिवस उजाडण्याच्या आत हे झाले पाहिजे. एकदा कोंबड्या मोकळ्या सुटल्या की त्या पकडण्यातच लसीची वेळ निघून जाते. काही गावांत बचत गटांच्या बायका हे काम शिकल्या आहेत आणि कोंबडीमागे एक-दोन रुपये घेऊन ते करतात. उष्णता सोसणारी लसही जगात उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात तयार झालेली ‘आय-टू’ लस मोझांबिक व टांझानियासारख्या देशांतील खेड्यांत डोळ्यात थेंब टाकून दिली जाते. पुण्यातील औंध येथे राज्य शासनाची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था स्वातंत्र्याच्या काळापासून लसी बनवीत आली आहे. वीस-पंचवीस मात्रांची लहान बाटली अशा ठिकाणाहून नियमित मिळू लागली, तर मानमोडीने रिकामी होणारी खुराडी निश्चितच कमी होतील.

बर्ड फ्लूचे भय वेगळ्या प्रकारचे आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील पहिला प्रादुर्भाव नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे जाहीर झाला. तो व्यावसायिक शेडमधून पुढे आला होता. तरी ठरवलेल्या परिघातील घरगुती कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांवर तीच पाळी आली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा आणि जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर ही नावे वृत्तपत्रांत झळकली. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना पाणवठ्यावर येणाऱ्या रानपक्ष्यांपासून वेगळे ठेवणे जवळजवळ अशक्य असते. एवढे मात्र करता येते: एकाएकी अनेक पक्षी मेले तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये, ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. नवी कोंबडी आणल्यावर दोन आठवडे वेगळी ठेवावी, हा सल्ला सर्व पुस्तिकांत असतो. घरात एकच खुराडे असल्यामुळे तो पाळला जात नाही. उलटे घातलेले जुने डालगे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवले तरी त्यासाठी पुरते.

ऋतूंचे त्रास ठरलेले आहेत. कोंबडीला घाम येत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला की ती चोच उघडून धापा टाकते, अंडी कमी होतात, कवच पातळ होते. सावली, मातीच्या पसरट भांड्यात दिवसातून दोन-तीनदा बदललेले गार पाणी आणि छपरावर ओले गोणपाट एवढ्याने बरेच साधते. कोकणात उलट प्रश्न. खुराड्यातले भाताचे तूस ओले झाले की त्याला उग्र वास सुटतो आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. तूस वरखाली करावे, थोडा चुना मिसळावा, फारच ओले झाले तर सरळ बदलावे. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड ‘कोंबड्यांना चालते’ म्हणून टाकणे घातक आहे. त्यातील अफ्लाटॉक्सिन यकृत पोखरते. कवच पातळ झाले किंवा कोंबड्या स्वतःचीच अंडी फोडून खाऊ लागल्या, तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. अंडी फोडण्याची सवय एकदा जडली की ती चुन्यानेही सुटत नाही, म्हणून अंडी सकाळीच गोळा करणे बरे.

परसात बहुधा एखाद-दुसरी शेळीही असते. उस्मानाबादी शेळी जुळी करडे देण्यासाठी प्रसिद्ध आहे. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले तरी शेळीचे नाव तेच राहिले. विण्याचा काळ साधारण पाच महिन्यांचा. करडाला पहिल्या तासाभरात चीक पाजणे आणि नाळेला आयोडीन लावणे या दोन गोष्टींवर त्याचे जगणे अवलंबून असते. मोठ्या शेळ्या मात्र अनेकदा जादा खाण्याने दगावतात. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या, लुसलुशीत गवतावर आंत्रविषार होतो. त्याची लस पावसापूर्वी टोचून घ्यावी. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात किंवा उघडे राहिलेले ज्वारीचे पोते हे तितकेच धोक्याचे. पोटात आम्ल वाढून धडधाकट शेळी दुसऱ्या दिवशी आडवी होते. कोंबड्यांचे खाद्यही तिला फार आवडते, तेव्हा ते तिच्या तोंडाच्या उंचीच्या वर, किंवा तिला शिरता येणार नाही अशा बुटक्या दारापलीकडे ठेवावे लागते.

अलीकडे पुण्या-मुंबईचे अनेक लोक मुळशी, कर्जत, अलिबाग परिसरातील जागांवर हौसेने कोंबड्या आणतात. शनिवार-रविवारी येणाऱ्या मालकाला हे जमत नाही. डालण्याचे काम आठवड्यातून सातही दिवस असते, त्यामुळे कोंबड्या खऱ्या अर्थाने राखणदाराच्याच होतात आणि त्याच्या पगारात या कामाचा विचार केलेला नसतो. शहरातील बंगल्याच्या आवारात त्या ठेवायच्या तर आधी पालिकेचे नियम विचारावेत आणि नंतर शेजाऱ्यांना. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो हवा असतो फक्त पिल्लांसाठी. पहाटे चार वाजता आरवणारा कोंबडा न ठेवल्यास निम्मे भांडण टळते.

राहतो प्रश्न म्हाताऱ्या कोंबडीचा. दोन-अडीच वर्षांनंतर अंडी कमी होत जातात, पण नीट सांभाळलेली कोंबडी त्यानंतरही चार-पाच वर्षे जगू शकते. गावाकडे हा निर्णय जत्रेच्या किंवा पाहुण्यांच्या निमित्ताने आपोआप होतो. मुलांनी नावे ठेवलेल्या कोंबडीच्या बाबतीत शहरी घराला तो घेता येत नाही, आणि रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य चालूच राहते. पिल्ले आणण्यापूर्वीच घरात यावर बोलणे झालेले असावे.